गिटारवाले मिस्त्री

जगातल्या प्रत्येक लाकडी वस्तूला खरं म्हणजे गिटार व्हायचं होतं, पण काही अडचणींमुळे ती पाट, पलंग किंवा होडी होऊन बसली, असं आमच्या शेजारच्या मिस्त्रींचं ठाम मत होतं. मालवणात आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. घराणं ख्रिस्ती, निम्मे नातेवाईक गोव्यात. त्यांना आडनाव होतं, पण ते फक्त पाद्री वापरत. मैफलीत बसून वाजवायच्या गिटारी ते हाताने करीत. महिनोन् महिने खपून एखादी पुरी होई आणि ती गोव्याला जाई. स्वतः मिस्त्रींना वाजवता येत नसे आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे.

कुठेही गेले की आधी बोटाच्या पेराने लाकूड ठोकून बघत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला पंगत बसली असताना त्यांनी माझ्या मामांना उठवलं, त्यांचा पाट कानाशी धरून ठोकला आणि "फणस" एवढंच म्हणून परत दिला. तोवर मामा वाढलेल्या पानासमोर उभे. पुतण्यासाठी मुलगी बघून आले, तेव्हा घरच्यांनी ती कशी आहे म्हणून विचारलं. मिस्त्रींनी नीट विचार करून सांगितलं, "दार शिसवाचा आसा." लग्न त्या दारावरच ठरलं, असं त्यांची बायको शेवटपर्यंत म्हणे. सावंतवाडीचे एक बडे गृहस्थ दिवाणखान्यात टांगायला गिटार मागायला आले, त्यांना मिस्त्रींनी अगदी अदबीने घड्याळ घ्यायला सुचवलं.

त्यांचा धाकटा भाऊ मडगावला गिटार वाजवीत असे. त्याच्यासाठी त्यांनी एक गिटार जीव ओतून केली. पाठ आणि कडा शिसवाच्या, पुढची फळी देवदाराची. पॉलिशचा शेवटचा हात वाळतो न वाळतो, तोच गोव्याची हद्द बंद झाली. तिकडे तेव्हा पोर्तुगिजांचं राज्य. भावाला इकडे येता येईना, गिटारीला तिकडे जाता येईना. एक तांडेल ती होडीतून गुपचूप पोचवायला तयार झाला. मिस्त्रींनी त्याची होडी ठोकून बघितली आणि नको म्हणाले.

यात माझा संबंध आला तो असा. नवी गिटार वाजती राहिली नाही, तर तिचा आवाज खुलत नाही म्हणे. मिस्त्रींनी स्वतः हातात घेतली की त्यांना तिच्यातल्या उणिवाच दिसत आणि हात पुन्हा रंध्याकडे जाई. म्हणून मी शाळेतून शिकवून आलो की ते गिटार घेऊन माझ्या ओटीवर हजर. मला सूर कळत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"गाऊचा नाय, मास्तरांनू," ते म्हणाले. "लाकडाक निजाक देवचा नाय, इतक्याच."

मग मी त्या सहा मोकळ्या तारा एकामागून एक छेडीत बसे. अशी वर्षं गेली. माझ्या वाजवण्यात तसूभरही फरक पडला नाही. आवाजात मात्र पडत गेला, आणि पुढे पुढे तो मलासुद्धा कळू लागला.

गोवा मोकळा झाला आणि भाऊ आला. त्याचे केस मध्यंतरी पांढरे झाले होते. आमच्याच ओटीवर बसून त्याने गिटार मांडीवर घेतली आणि वाजवायला लागला. तारा त्याच, पण मला एकही ओळखू येईना. वाजवून झाल्यावर बराच वेळ तो फळीवरून नुसता हात फिरवीत राहिला. मग हिला इतकी वर्षं कोणी जागं ठेवलं, असं त्याने भावाला विचारलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तरांनी. एकच गाणा, पण रोज."

भावाने उठून माझे दोन्ही हात हातात घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने गिटार गेली. संध्याकाळी मी शाळेतून आलो, तर मिस्त्री ठरल्या वेळी रिकाम्या हातांनी ओटीवर येऊन बसलेले. मी समोर बसलो. माझ्या बायकोने चहा आणून दिला, तो आम्ही प्यालो. काळोख पडल्यावर ते "येतंय" म्हणून उठले.

त्याच्या दुसऱ्या दिवशीही आले.