सरळ सूर

मंचरच्या बँडमधले ट्रम्पेटवाले काका मला दर रविवारी सुराला कंप द्यायला शिकवतात. कधी हाताने ट्रम्पेट हलकेच हलवून, कधी नुसत्या जबड्याने. वयामुळे त्यांचा हात हल्ली आपोआप कापतो. बँडमधला ढोलवाला चिडवायचा, "तुमचं बरंय राव, हलवायलाच नको."

काका हसायचे. "तुला देऊ का थोडं?"

परवा तो ढोलवाला गेला. अंत्ययात्रेत सूर सरळच ठेवायचा, रडायचं ते घरच्यांनी, असं काका मानतात. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला, पण सूर कापू लागला. कोपर बरगडीशी दाबून धरलं, तरी थांबेना. मग ट्रम्पेट पुसून त्यांनी माझ्या हातात दिला.

"तू वाजव. त्याला नीट जाऊ दे."

मी सरळ वाजवत राहिलो. काका हात खिशात घालून शेजारून चालत होते.