देवघरातला ताप

आमच्या मुलुंडच्या घरात खोल्या दोन, स्वयंपाकघर एक आणि देव अनेक. माझी पत्नी गेली कित्येक वर्षे या घरात पाळणाघर चालवते, त्यामुळे सकाळी आठनंतर देव आणि मी असे दोघेही अल्पसंख्य ठरतो. मी पाठशाळेत संस्कृत शिकलो, पुढे आयुष्यभर शाळेत तेच शिकवले, आणि निवृत्तीनंतर निवांतपणे पूजा करावी एवढीच इच्छा बाळगली. देवाने ती ऐकली, आणि बहुधा हसून बाजूला ठेवली.

मुलांच्या आजारपणाविषयी पत्नीचा नियम सरळ आहे. ताप दिसला की पालकांना फोन, आणि फोनपासून तासाभरात मूल घरी. अंधेरी-बोरिवलीकडे नोकरी असणाऱ्यांना अर्धा तास अधिक. भूगोलाचे तेवढे भान तिला आहे. तोवर आजारी मुलाला इतर मुलांपासून दूर ठेवायचे असते, आणि आमच्या घरात दूर म्हणता येईल अशी जागा एकच: बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून केलेले माझे देवघर. सोवळ्यात बसलेल्या माणसाला कोणी शिवत नाही, त्यामुळे तिथला संसर्ग तिथेच राहील, असा तिचा युक्तिवाद. ऋषिमुनींनी सोवळ्याचा हा उपयोग योजला होता की नाही, ठाऊक नाही; परंतु तिच्यापुढे त्यांचेही काही चालले नसते.

अशा रीतीने माझी पूजा आणि मुंबई उपनगरातील बालकांचा ताप यांचा संसार एकाच चटईवर सुरू झाला. नुकतेच दात येऊ लागलेल्या एका कन्येने रांगता बाळकृष्ण उचलून थेट तोंडात घातला. देवाने आजवर लोणी खाल्ले होते. स्वतः खाल्ले जाण्याचा प्रसंग पहिलाच. दोन वर्षांच्या एका गृहस्थाला अचानक उलटी आली तेव्हा हाताशी ताम्हन होते. ताम्हनाचा असा उपयोग शास्त्रात विहित नाही, पण निषिद्ध म्हटल्याचेही मला आढळले नाही, आणि मी शोधण्यात कसूर केली नाही. पितळी देव नुकतेच न्हाऊन गार झालेले असतात, हे मुलांना फार लवकर कळते. अंग तापलेले मूल अन्नपूर्णा गालाला लावून निमूट पडून राहते. नामावळीने ताप उतरत नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मात्र संथपणे म्हटल्यास पालक येईपर्यंतचा वेळ भरून निघतो. मेट्रो बंद पडली असेल तर पुन्हा पहिल्या नावापासून आरंभ करावा लागतो, आणि देवाची त्याला हरकत दिसत नाही.

नियम इतका कडक का, याचे कारण माझ्याच देहावर उमटून गेले आहे. एका सोमवारी एक बालक सकाळी औषध पाजून, ताप दडपून आमच्याकडे सोडण्यात आले. औषधाचा अंमल ओसरेपर्यंत ते सर्वांशी खेळले, सर्वांचे पेले उष्टे करून बसले. आठवड्याच्या आत सगळ्या मुलांच्या हातापायांवर आणि तोंडात फोड आले. लहान मुलांचाच म्हणून ओळखला जाणारा तो रोग मलाही झाला. माझे स्तोत्रपठण पूर्ण थांबले, आणि शेजारच्या बिऱ्हाडाने तो काळ पर्वकाळासारखा उपभोगला, असे माझ्या कानावर आले.

त्यानंतर पत्नीने दारात उभे राहून सर्व पालकांना सुनावले: ताप लपवून आणलेले मूल तिसऱ्यांदा सापडले, की त्याची जागा गेली. कोणाचेही असो. कोणालाही ते खरे वाटले नाही. मग एका डॉक्टर दांपत्याचे मूल तिसऱ्यांदा सापडले, आणि तिने त्याची दुपटी घडी करून हातात दिली. तेव्हापासून तिच्या शब्दाला आमच्या इमारतीत सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा अधिक वजन आहे.

फोन करण्याचे काम माझ्याकडे आहे. पत्नीच्या मते माझ्या बोलण्यात वाद घालायला कुठे फट सापडत नाही. प्रारंभी मी ते फारच विधिपूर्वक करीत असे. "नमस्कार. आपल्या चिरंजीवांच्या प्रकृतीसंबंधी काही निवेदन करावयाचे आहे," एवढे ऐकून एक माता घाटकोपरच्या आपल्या कचेरीत खुर्चीवरून खालीच बसली. आता मी प्रथम "मूल ठीक आहे, ताप आहे" असे म्हणतो आणि नमस्कार नंतर करतो. उत्तरे मला पाठ आहेत. "काका, आत्ता सकाळी तर झकास होता!" "दात येत असतील हो." "तुमचा पंखा बंद असेल बघा, त्याने गरम लागतं अंग." एका पित्याने मीटिंगमधून कुजबुजत सांगितले, "काका, तुम्ही पूजेतच आहात ना? थोडं देवाला सांगा ना यार. मी सहापर्यंत येतोच." मी त्यांना कळवले की देवांपैकी एक सध्या आपल्या मुलाच्या मुठीत आहेत आणि त्यांचे मत तासाभरात या असेच आहे.

आता ज्या मुलामुळे हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. ते पावणेदोन वर्षांचे, अत्यंत विध्वंसक आणि म्हणून माझे विशेष लाडके. वडील जहाजावर. आई वयाने मुलगीच, मूळची कोकणातली, लहानपण कांजूरमार्गला गेलेले, तोंडाने फटकळ, आणि अंधेरीत नव्याने लागलेल्या नोकरीत अजून कायम न झालेली. तिचे मूल दोनदा सापडले होते. दुसऱ्या वेळी ती दारात चपला घालता घालता मला म्हणाली होती, "काका, इथली जागा गेली ना, तर नोकरी गेलीच समजा. मुंबईत आता कोण उरलंय माझं? गावाला सासूबाई वाटच बघतायत. बोलतात, ये इकडेच, आंबे राख." मी म्हटले, सासूबाईंचा हेतू चांगला असेल. ती म्हणाली, "हेतू चांगलाच आहे ओ. आंबेपण चांगले आहेत. मलाच नाही राखायचे."

तिसरी वेळ एका शुक्रवारी आली. माझी पूजा अर्ध्यावर होती. ते मूल पडदा बाजूला सारून आत आले, घंटा फेकली नाही, गंधाची वाटी उपडी केली नाही, माझ्या मांडीवर येऊन बसले आणि डोके माझ्या छातीला टेकवले. सोवळे मोडले, ते रोजच मोडते. परंतु इतकी सभ्यता या मुलाला शोभणारी नव्हती. मी हाक मारली. पत्नी आली, तिने कपाळाला हात लावला, मग वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"स्ट्रॉबेरी," ती म्हणाली.

तापाच्या औषधाला तोच वास असतो. आमच्याकडे ही परीक्षा शेवटची समजली जाते.

"लावा फोन," ती म्हणाली आणि वळली. तिचा आवाज नेहमीपेक्षा जड होता. मला वाटले, तिलाही हे जड जात आहे.

मी फोन केला. पलीकडून "दात येत असतील" आले नाही. आई एवढेच म्हणाली, "निघाले." ती दिलेल्या वेळेच्या पुष्कळ आधी आली. कशी आली ते मी विचारले नाही. केस वाऱ्याने उभे होते, तेव्हा कोणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून आली असावी.

पत्नीने दार उघडले. तिने काही विचारण्याआधीच ती मुलगी दारातून म्हणाली, "दिलं होतं सकाळी. माहीत होतं मला. रात्रीपासून कणकण होती. आज साहेबांसमोर माझं काम दाखवायचं होतं, काकू. खोटं नाही बोलत मी."

"दाखवलंस?"

"अर्धं."

मी पडद्याआडून ऐकत होतो, मूल माझ्या खांद्यावर झोपले होते, आणि त्या घराण्याचे पुढचे सारे जीवन, आंबे धरून, माझ्या पत्नीच्या पुढच्या वाक्यावर टांगलेले होते. मी गणपतीकडे पाहिले. त्याने नेहमीप्रमाणे काही सुचवले नाही.

"तिसरी वेळ आहे," पत्नी म्हणाली. "माहिती आहे ना तुला?"

"माहितीये."

"मग त्याची पिशवी..." असे म्हणत तिने खुंटीवरची पिशवी काढून तिच्या हातात दिली. देताना हाताला हात लागला. त्या मुलीने पिशवी घेतली नाही. हातच धरून ठेवला.

"काकू, तुमचा हात भाजतोय."

"गॅसपाशी होते."

"गॅस बंद आहे, काकू. मला इथून दिसतोय."

"पोळ्या झाल्या आत्ताच."

"आज शुक्रवार. शुक्रवारी मुलांना खिचडी असते." तिने दुसरा हात सरळ पत्नीच्या कपाळावर ठेवला. पत्नीच्या सासूबाईंना, म्हणजे माझ्या आईलाही, हे धाडस झाले नसते, मला आजवर झालेले नाही. "बापरे! काका, इकडे या! किती वाजता घेतलीत गोळी?"

हा प्रश्न आमच्या दारात आजवर शेकडो वेळा विचारला गेला होता, परंतु नेहमी आतून बाहेर. अशा वेळी पालक ज्या दिशेला बघतात, म्हणजे चपलांच्या स्टँडकडे, त्याच दिशेला पत्नी बघत राहिली.

"अगं, तू गोळी घेतलीस?" मी पडद्याबाहेर येऊन विचारले.

"सातला. कणकण होती नुसती."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करणार होतात तुम्ही? आरती?" ती माझ्यावर उखडली आणि मग त्या मुलीकडे वळली. "मी आज बंद ठेवलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी पोरं कुठे ठेवली असती गं? आयत्या वेळी?"

"तेच ना, काकू," ती मुलगी म्हणाली. "तेच तर."

यावर पत्नी आतल्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. त्या मुलीने आतल्या खोलीचे दार बाहेरून ओढून घेतले, माझ्या खांद्यावरचे मूल उचलून देवघरातल्या चटईवर निजवले, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "काका, सगळ्यांना फोन लावा. तासाभरात न्या म्हणावं."

"परंतु ताप मुलांना नाही."

"ताप पाळणाघराला आहे. लावा."

मी फोन केले. आणि सत्य सांगायचे तर, त्या दिवशी मला मनुष्यस्वभावाचे जे दर्शन घडले ते एवढ्या वर्षांच्या अध्ययनात घडले नव्हते. मुलाच्या तापावर जी माणसे "दात येत असतील" म्हणत, त्यांची कल्पनाशक्ती पत्नीच्या तापावरही तितकीच धावली. "किती आहे ताप? शंभरच्या आत असेल तर चालेल ना, काका." "काकू दमल्या असतील हो, सरबत द्या." एक पिता म्हणाले, "आमची काही हरकत नाही. काकूंना चालत असेल तर आम्हाला चालतं." त्या मुलीने माझ्या हातातून फोन घेतला.

"ओ दादा, ऐका. मी पण आईच आहे इथली एक, अर्ध्या कामावरून उठून आलेय. तुमच्या चिरंजीवाला, कन्येला किंवा जे काय असेल त्याला न्यायला या. नाहीतर मी त्याला ढोल वाजवायला शिकवते संध्याकाळपर्यंत."

ते आले. सगळेच आले. ती दारात उभी राहून एकेक मूल, एकेक पिशवी, एकेक पाण्याची बाटली देत राहिली, आणि बंद दाराआडून पत्नीचा आवाज येत राहिला: "निळ्या बाटलीचं झाकण दुसऱ्याचं आहे!" "धाकटीला टोपी घाल गं!" "खिचडी सगळ्यांना थोडी बांधून दे, इथे कोण खाणार ती!" एका मातेने आत डोकावून "काकूंना बघू का जरा?" असे विचारले. "लांबूनच," असे उत्तर मिळाले.

शेवटचे मूल गेले. ती मुलगी चटईवरून आपले मूल उचलून, पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली. पिशवीत त्याचे सर्व कपडे भरलेले होते. पत्नीने सकाळीच भरून ठेवले होते, तो वास आल्याबरोबर. जागा राहिली की गेली, हे सांगण्याचा अधिकार मला नव्हता. आम्ही दोघेही बंद दाराकडे बघत राहिलो.

"गेली का ती?" आतून आवाज आला.

"नाही. उभी आहे," मी म्हणालो.

"उभी कशाला? पोराला ताप आहे, घरी ने म्हणावं." मग थोड्या वेळाने, "तिला सांगा, डोस पाजला असेल तर इथून पुढे दारातच सांगायचं. सकाळी सकाळी. मग काय करायचं ते आपण दोघी बघू. लपवायचं नाही, एवढंच."

"म्हणजे बरा झाला की आणू?" त्या मुलीने दाराकडे बघून विचारले. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

"नाहीतर कुठे ठेवणार आहेस? आणि ती पिशवी ठेव इथेच. नेण्या-आणण्यात मोजे हरवतात."

तिने पिशवी खुंटीला लावली. नाक ओढले, डोळे पुसले, आणि लगेच मूळ पदावर आली. "पण काकू, तुम्हीपण सांगायचं मला. आदल्या दिवशीच. गोळ्या खाऊन उभं राहायचं नाही. मी करीन काहीतरी, सुट्टी टाकीन."

"नोकरी कायम होऊ दे आधी तुझी, मग टाक सुट्ट्या!"

ती हसत जिना उतरली.

"फार तोंड आहे हिला," पत्नी आतून म्हणाली. मी थर्मामीटर धुऊन आतल्या खोलीत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खांद्याला हात लावला, तेव्हा तिने काख घट्ट मिटून घेतली आणि मला काहीही झालेले नाही, असे सांगितले.