‘उचल’ कोणी म्हणायचं

धोंडीबाई पट्टी बांधायला शिकली ती दयेपोटी नव्हे. रघू मुकादम कधीतरी आपल्या हाताखाली पडावा, एवढ्यासाठी शिकली.

जामसरच्या वरच्या जंगलात सागाची तोड चालायची. ओंडका खांद्यावर घ्यायचा तर सगळ्यांनी एका दमात घ्यावा लागतो. एक मागे राहिला की दुसऱ्याचा खांदा निखळतो. म्हणून मुकादम ओरडायचा, “उचल!” की हात आपोआप चालायचे. तिथे विचाराला सवड नसते, नसावीही.

धोंडीबाईचा नवरा नवसू एके दिवशी तुटल्या फांदीखाली आला. मार पाठीला होता. पण तो शुद्धीवर होता, पाय हलवत होता. “जरा पडू द्या मला,” म्हणाला. मुकादमाला गाडी भरायची घाई. तो ओरडला, “उचल!” चौघांचे हात चालले, त्यात नवसूचा सख्खा भाऊ बारक्याही होता. काखेत धरून त्यांनी त्याला उभा केला. नवसू कमरेत दुमडला आणि त्याचे पाय गेले. पावसाळ्याआधी तोही गेला.

“नशीब त्याचं,” मुकादम म्हणाला.

तेव्हा जव्हार संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. जव्हारच्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आला. अपघात झाल्यावर पहिल्यांदा काय करायचं ते शिकवतो, प्रत्येक तोडीवरचं एक माणूस पाठवा, असा त्याचा निरोप आला. पुरुषांना दिवसाची मजुरी बुडवायची नव्हती. मुकादम हसला. “धोंडीला धाडा. तिच्यावाचून काय अडतंय?”

ती गेली. रक्त कसं दाबायचं, मोडल्या हाडाला बांबूच्या कामट्या कशा बांधायच्या, सगळं शिकली. शेवटी डॉक्टर म्हणाला, “पाठीला मार असेल तर फळी येईपर्यंत हलवायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून घ्यायचं, ओंडक्यासारखं सरळ.”

ओंडक्यासारखं! सागाच्या ओंडक्यालाही नवसूसारखं कोणी वाकवलं नव्हतं.

परतल्यावर दुपारच्या सुट्टीत ती टोळीला शिकवू लागली. एकाला निजवायची आणि स्वतःच ओरडायची, “उचल!” ज्याचे हात पुढे येत त्याच्या हातांवर छडी बसे.

“वैनी, सवय हाय गं!” बारक्या कळवळला.

“सवयीनंच मारलास भावाला.”

बारक्याने मान खाली घातली. त्यानंतर सगळ्यांत आधी त्याचे हात थांबले.

पुढच्या हंगामात गाडीवरून ओंडका घरंगळला आणि मुकादमाला आडवा करून पुढे गेला. तो उताणा पडला होता, मार पाठीलाच होता. “उचला रे! उचल!” तो ओरडला. एकही हात हलला नाही.

धोंडीबाईने बारक्याला खूण केली. तो फळी म्हणून वस्तीवरून दार काढून आणायला पळाला. मुकादमाला ते दिसलं नाही. तिने त्याच्या डोक्याशी बसून डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं.

“पायाची बोटं हलव.”

हलली.

“मग उचला की!”

“नाय.”

“मारतेस काय मला, धोंडे?”

तिने डोकं तसंच धरून ठेवलं. ऊन त्याच्या तोंडावर होतं. सावली धरायला हवी होती. ती तिने धरायला सांगितली, पण उशिरा.

“धोंडीबाई,” तो म्हणाला. ‘बाई’ त्याच्या तोंडी पहिल्यांदाच आलं. “काय पायजे तुला?”

“नवसूच्या वेळी ‘उचल’ कोन म्हनलं?”

“...मी.”

“मोठ्यानं. सगळी ऐकतात.”

“मी म्हनलो! मीच!”

“दर साली तोड लागली का इथं येऊन पडायचं. नव्या मानसांना तुझ्या अंगावर शिकवीन.”

“पडन, बाय, पडन. आता तरी उचला!”

दार निघालं आहे, असं ती सांगू शकली असती. सांगितलं नाही.

दार आलं. सगळे बसले, हात अंगाखाली गेले. तेव्हा धोंडीबाई म्हणाली, “उचल.” मुकादम सरळच्या सरळ दारावर गेला.

काही महिन्यांनी तो चालू लागला. दर साली येऊन पाल्यात उताणा पडायचा आणि नव्या माणसांपुढे बोलायचा, “मीच म्हनलो व्हतो.” धडा छोटाच होता. पण तो संपला तरी धोंडीबाई त्याला ऊठ म्हणत नसे. आधी सगळ्यांची भाकरी खाऊन होई. तिची नागलीची भाकरी सगळ्यांत सावकाश संपे.