अंबडच्या काकूंची फ्लॉपी

मंडळी, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवाल्या ग्रुपवर आज एक कबुली द्यायचीय.

दुपारी अंबडला एका काकूंकडे गेल्तो. त्यांचा मुलगा वारला त्याला बरीच वर्षं झाली. त्याचा कॉम्प्युटर बंद पडलेला. त्यानं लिहिलेल्या कविता एकाच फ्लॉपीत, ती काकूंनी स्टीलच्या डब्यात जपलेली.

सर्किटचा नकाशा कुठंच मिळाला न्हाई, म्हणून पॉवर सप्लायची एकेक वायर बघत तो मीच आधीच्या खेपेला कागदावर उतरवला होता. आज पार्ट बदलले आणि स्क्रीन उजळली. काकू रडायलाच लागल्या. मला कुठला धीर! लगेच फ्लॉपी घातली.

खर्रर्र आवाज आला. काढून बघतो तर चकतीवर गोल ओरखडा. ड्राइव्ह उघडला, तर फ्लॉपी वाचणाऱ्या हेडवर कुंकवाचा थर. काकू दर दसऱ्याला मशीनची पूजा करायच्या, ते फटीतून आत गेल्तं.

"काय झालं रे?"

"आत कुंकू साचलंय, काकू." तोंडातून निघूनच गेलं.

त्यांनी फ्लॉपी हातात घेतली. "म्हंजी माझ्याच हातानं गेलं लेकराचं."

आधी हेड पुसायचं, मंग रद्दी फ्लॉपी घालून बघायची, हे इथं मीच तुम्हाला दहादा सांगितलंय. दोन मिनिटांचं काम होतं. तरी चूक माझी हाय, हे काकूंना सांगितलं न्हाई. त्यांनी केलेला चहासुद्धा प्यालो.

निघालो तेव्हा काकू मशीनवरचं कुंकू पदरानं खसाखसा घासून काढत होत्या.

आता परत जाऊन कुठल्या तोंडानं सांगू?