मी शिकवलेली उपेक्षा

अर्जुनीकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तीस वर्षं संस्कृत शिकवलं. 'उपेक्षा' हा माझा लाडका शब्द. मराठीत त्याची पार माती झाली, असं मी दरवर्षी पोरांना ऐकवायचो. आपण उपेक्षा म्हणजे हेळसांड समजतो. तत्त्वज्ञानात ती मनाची साधना आहे. कशानेही न ढळणारं, समतोल मन. पोरं माना डोलवायची आणि खिडकीतून धानाच्या बांध्या, बांध घातलेली ती भाताची वावरं, बघत बसायची.

निवृत्त झालो त्याच वर्षी बाबांना लकवा मारला. गावतलावाचं पाणी कुणाच्या बांधीत किती सोडायचं हे जन्मभर ठरवणारा माणूस मागच्या खोलीत पडून राहिला. घरात आम्ही दोघंच. सकाळी एक बाई घाईत येऊन त्यांचं वरवर आवरून जायची. दुपारी ते हाक मारायचे, "अरे, कुशीवर करून दे ना मले." पहिले काही दिवस मी उठलो. मग पुस्तक घेऊन ओसरीवर बसायला लागलो. हाक ऐकू यायची, मन ढळायचं नाही. मला वाटलं, साधली एकदाची. खोटं कशाला सांगू, अभिमानच वाटला. हळूहळू हाकाही थांबल्या.

बाबांना ताप भरला तेव्हा उपकेंद्रातली नर्सबाई आली. त्यांना तपासून तिने कागदावर लिहिलं, 'रुग्णाची उपेक्षा.' माझ्यातला मास्तर जागा झाला.

"बाई, शब्द चुकला. उपेक्षा म्हणजे..."

तिने बाबांना कुशीवर वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, आणि जखमेत अळ्या.

"मंग कोणता शब्द लिहू, सर? तुमीच सांगा."

मी सवयीने शब्दाची फोड करायला लागलो. उप म्हणजे जवळ, ईक्ष् म्हणजे पाहणं. त्या शब्दाच्या पोटात एवढंच आहे, जवळून पाहणं. दहा पावलांवर बसून मी तेवढंही केलं नव्हतं. आणि योगशास्त्राने उपेक्षा सांगितली ती दुर्जनासाठी; दुःखी माणसासाठी करुणाच सांगितली आहे. हे फळ्यावर मीच लिहायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

जखम धुता धुता नर्सबाई चिडली. "काऊन जी, इतके दिवस कोणीच पाहिलं नाही?"

बाबांची जीभ जड झाली होती, तरी ते बोलले. "त्याले काही नोको म्हणू, बाई. तो पुस्तक वाचून राहिला होता."

पाचव्या दिवशी बाबा गेले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.