दोन कार्बोरेटर आणि एक कान

आमच्या घरात कुणी आतून हाक मारत नाही. आई चपाती तव्यावर टाकते, बाहेर येते, पप्पांच्या समोर उभी राहते आणि मग विचारते, चहा ठेवू का. तोवर चपाती करपते. मी तिची पण नक्कल करायचो. कमरेवर हात, भुवया वर, एकेक शब्द चावून. पप्पा खदाखदा हसायचे.

नकला हा माझा जोडधंदा. हळदीला, सत्यनारायणाला मिमिक्री करतो. शिफ्टच्या बसचा कंडक्टर, 'पानी आधा घंटाही आयेगा' म्हणून भाडेकरूंवर ओरडणारी चाळमालकीण, गॅस संपत आलेली रिक्षा. बाकीचा वेळ पप्पांच्या गॅरेजमध्ये. गॅरेज म्हणजे बोईसरला कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पत्र्याची शेड. पप्पा मूळचे सोलापूरकडचे. आधी तारापूरला एका कापडाच्या मिलमध्ये लूमवर फिटर होते. ती बंद पडली आणि ते रिक्षा-स्कूटरवर आले.

केळव्याचे काका हे नवं गिऱ्हाईक. त्यांची गाडी आली तेव्हा शेडसमोर बघायला गर्दी झाली. कासवासारखी गोल पाठ, इंजिन मागे, डिकी पुढे. इंजिनला पाण्याचं काम नाही, सगळं हवेवर थंड होणार. काकांची केळव्याला सुपारीची वाडी. शनिवार-रविवारी मुंबईचे पाहुणे राहायला येतात, त्यांना ते या गाडीतून किनाऱ्यावर फिरवतात.

"चार मानसं बसली का रडते रं ती," काका म्हणाले. "आमी दोन कार्बोरेटर आनलेत. तुला जमंल ना, मिस्त्री? जमलं तर माज्या दोस्तांच्या पन जुन्या गाड्या हायत. तुज्याकडंच धाडीन."

पप्पा त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "जमंल की," म्हणाले.

त्या दिवसांत गॅरेज चालत नव्हतं. नवीन रिक्षा शोरूमलाच जायच्या. त्यामुळे ही गाडी म्हणजे काय ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मधला जुना कार्बोरेटर काढला. दोन बाजूंना दोन नवे बसवले, एकेकाच्या वाट्याला दोन-दोन सिलेंडर. पेट्रोलची नळी दोन्हीकडे फिरवली. दोन्ही एकदम उघडावेत म्हणून मधे एक दांडी जोडली. इथपर्यंत पप्पांचे हात असे चालले की काका म्हणाले, "हात हाय का काय हाय!" आणि खूश होऊन नाक्यावर चहाला गेले.

राहिलं सेटिंग. दोन्ही कार्बोरेटरनी सारखी हवा ओढली पाहिजे. नाहीतर एक बाजू सगळं ओझं ओढते, तापते आणि जळते. पप्पांची जुनी पद्धत. इंजिन चालू ठेवायचं, रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. सूं असा आवाज येतो. दोन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

पप्पांनी इकडे ऐकलं, तिकडे ऐकलं. "सारखं हाय."

मी नळी घेतली. डावीकडे नाग फुत्कारत होता आणि उजवीकडे कुणीतरी बशीतल्या चहावर फुंकर मारत होतं.

"पप्पा, सारखं कुठंय?"

त्यांनी परत ऐकलं. "सारखंच हाय. तुजं ध्यान नाय."

मला वाटलं, माझी फिरकी घेतायत. ते परत इंजिनवर वाकले. मी मागे उभा राहिलो आणि माझा हुकमी आयटम काढला, ब्रेक फेल झालेला ट्रक, हॉर्नसकट. रस्त्यावरचा एक माणूस उडी मारून बाजूला झाला.

पप्पांची मानसुद्धा हलली नाही.

मग ते वळले आणि माझं तोंड बघितलं. मग चिंधीने हात पुसत म्हणाले, "लूमच्या खडखडाटात ऐकनं सगळ्यांचंच जातं. तिथं आमी ओठ बघूनच बोलायचो. डावा कान जरा चालतो. इंजिन चालू असलं की तो पन नाय."

"आईला माहितीय?"

"तिला म्हाईत नसंल व्हय?"

नाक्यावरून काका परत येताना दिसले. पप्पांनी माझा दंड धरला. "भैऱ्या मिस्त्रीकडं कोन गाडी देतंय? तू नळी कानात घाल आन् तोंडानं आवाज काढ. मी बघतो."

मी आवाज काढला. डाव्याचा काढताना ओठ आवळलेले, उजव्याचा काढताना सैल. पप्पा माझ्या तोंडाकडे बघत स्क्रू फिरवत होते, केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे. काका आले आणि हसायला लागले. "काय रं, विंजिनाला वाकुल्या दाखवतो?"

"त्याला येड लागलंय," पप्पा म्हणाले.

हळूहळू माझे दोन्हीकडचे ओठ सारखे झाले. इंजिन असं गुरगुरायला लागलं की माझ्या अंगावर काटा आला. एवढी चांगली नक्कल मी कधी केली नव्हती. पप्पांनी गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली.

तेव्हा काका त्यांच्या मागून म्हणाले, "मिस्त्री, तापनार तं नाय ना आता?"

पप्पा पाने-पक्कड गोळा करत होते.

"मिस्त्री, तुलाच इचारतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं. पप्पांचा आवाज, पप्पांचं घोगरेपण, सगळं जसंच्या तसं. "नाय तापत, काका. पंधरा दिवसांनी आना, परत सेट करून दीन."

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग पप्पांच्या न वळलेल्या पाठीकडे बघितलं. हसले नाहीत. ठरलेले पैसे पप्पांच्या हातात दिले, खांद्यावर थोपटलं आणि गाडी घेऊन गेले.

पंधरा दिवस झाल्यावर पप्पांनी शेडमधली पुढची जागा झाडून मोकळी केली. रिक्षा मागे लावायला लागले. जागा महिनाभर तशीच होती.

मग एका दुपारी मी तो आवाज ऐकला. गाडी वळणावर होती, दिसायच्या आधीच ओळखली. डावी बाजू परत जास्त ओढत होती. मागोमाग तशीच आणखी एक, काकांच्या दोस्ताची असावी. दोन्ही शेडसमोरून पालघरच्या दिशेनं निघून गेल्या. पप्पा रस्त्याकडे पाठ करून एका स्कूटरचा प्लग घासत होते.

संध्याकाळी शटर ओढताना ते म्हणाले, "केळव्यावाले आले न्हाईत रं अजून?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. 'नाय,' म्हणालो. नुसते ओठ हलवले.

"येतील," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढची जागा परत झाडली.