भोकरदनच्या मावशीचा चीन

पासपोर्ट न काढता माणूस रोज चीनला जाऊन येऊ शकतो, यावर माझा विश्वास बसला तो भोकरदनच्या मावशीमुळं. मावशी शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाली आणि चीनच्या पोस्टाच्या तिकिटांत शिरली. तीही सगळी नव्हेत, फक्त पहिली. तिथलं पहिलं तिकीट, विमानाच्या टपालाचं पहिलं, कुणाच्या सोहळ्यासाठी काढलेलं पहिलं. अस्सल तिकिटं तिला कुठली मिळायला? मोबाइलवरची चित्रं छापून घेऊन ती अल्बमात लावते, आणि पलीकडून कुणी हाक मारल्यासारखी त्यांच्याकडं बघत बसते.

"दुसऱ्या तिकिटांनी काय पाप केलं?" मी एकदा विचारलं.

"पहिल्याला ठाऊक नस्तं रे, पुढं काय होणारे ते. तरी ते निघतं," ती म्हणाली, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

आठवडी बाजारात वांगी निवडता निवडता तिची अशीच तंद्री लागायची आणि घरी पिशवीतून मिरच्या निघायच्या. शेजाऱ्यांनी लाल ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्याला कुंकू लावताना ही म्हणाली, "चीननं पैल्यांदा तिकिटं काढली ना, ती तीनच. हिरवं, लाल, पिवळं. तिन्हीवर एकच ड्रॅगन, ढगांत. तुमचा हा लाल." शेजारी घाबरून नारळ फोडायचंच विसरले. स्वतःच्या साठीला तर तिनं मुलांना सुनावलं होतं, "तिथल्या राजमातेच्या साठीला टपालखात्यानं तिकिटं काढली, सोहळ्याची पहिली. तुम्ही निदान चिवडा तरी काढा!"

काका, म्हणजे तिचे यजमान, कापूस-मका करणारे शेतकरी. मावशी ड्रॅगनवर आली की ते टोपी चढवायचे. "तुझा चीन चालू दे, म्या चाललो मक्यात."

मागच्या वर्षी काकांना लकवा झाला. पाय हळूहळू सावरले, पण वाचा गेली. माणसं भेटायला यायची, चहा घेऊन गप्प बसून जायची. डॉक्टर मावशीला म्हणाले, "त्यांच्याशी बोलत राहा." मावशीला बोल म्हणून सांगणं म्हणजे ओढ्याला वाहा म्हणण्यासारखं. पण नेमकी तीच गप्प झाली. काकांचा हात हातात घेऊन नुसती बसून राहायची. अल्बम कपाटात पडून होता. इतकं शांत घर मी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी मी गेल्तो तर मावशीनं काकांना बाजेवर बसतं केलेलं, आणि मांडीवर अल्बम. "शिकवायला बसली का परत?" मी विचारलं. "दुसरं काय बोलू यांच्याशी? दुसरं येतंय काय मला?" ती म्हणाली, आणि काकांकडं वळून अगदी वर्गातल्यासारखी सांगू लागली. चिनी लोकांत दर वर्षाचं एक जनावर असतं, ती वर्षांची जनावरं तिकिटावर यायला लागली तेव्हा पहिला मान माकडाला मिळाला, वगैरे.

"हे बगा. मागं लालभडक, अन् मधी काळं, केसाळ."

काकांचे ओठ हलले. मावशी थांबली. मी पुढं सरकलो. पुन्हा हलले.

"मा... कड."

कितीतरी दिवसांनी आलेला पहिला शब्द. पण काकांची नजर तिकिटावर नव्हती, मावशीच्या तोंडावर होती.

"तिकिटाला म्हणले का मला?" मावशीनं विचारलं.

काकांचा अर्धा चेहरा हसला. मावशीही हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "काय बी म्हणा, पर म्हणा!"

सगळे शब्द काही परत आले नाहीत. येणारही नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. परवा गेलो तेव्हा विमानाच्या टपालाचं पहिलं तिकीट उघडलेलं होतं. खाली डोंगरावरून गेलेली लांबच लांब भिंत, वर दुहेरी पंखांचं जुनं विमान. मावशी हळू आवाजात सांगून राह्यली होती, आणि काकांचं बोट त्या भिंतीवरून सावकाश सरकत होतं. एका ठिकाणी ते थांबलं, तर मावशीही थांबली.

जालन्याच्या गाडीची वेळ झाली होती. मी "येतो" म्हणालो. कुणी ऐकलं नाही. चपला घातल्या आणि दार अलगद ओढून घेतलं.